साठवलेलं पाणी

“सायेब, बांध कुटवर सरकला?”

एक्स-रेच्या खोलीत शिरता शिरता हवालदार हेच विचारायचे. सांगलीच्या एका इस्पितळात मी छातीचे फोटो काढायचो, फिल्म उजेडासमोर धरून हृदयाच्या सावलीला पट्टी लावायचो. मूत्रपिंडं निकामी झाली की हृदयही हळूहळू रुंदावतं, हे डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं. त्यांनी ते सरळ शेतात नेलं. शेजाऱ्यानं बांध कोरावा, तसं.

वडूजकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. तेव्हा आमच्याकडे डायलिसिस म्हणजे पोटात नळी घालून औषधी पाण्याच्या बाटल्यांमागून बाटल्या आत सोडायच्या आणि काढून घ्यायच्या. दर खेपेला दोन दिवस ते निमूट पडून राहत. प्यायला दिवसाला दोन फुलपात्रं पाणी, थेंबभर जास्त नाही. एकदा त्यांच्यादेखत मी गटागटा पाणी प्यालो आणि ओशाळलो, तर म्हणाले, “प्या की. आवाज आयकून बी बरं वाटतं.” असली माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मग त्यांच्या विहिरीला पाणी लागलं. वडिलांपासून खणत आलेली विहीर ती. त्यांच्या घरची रीत अशी, की पहिला तांब्या देवाला आणि दुसरा मालकानं उभ्यानं संपवायचा. हवालदारांना तो तांब्या प्यायचा होता, दुसरं काही मागणं नव्हतं. आठ दिवस एकेकच फुलपात्र प्यायचं, उरलेलं साठवायचं, असा बेत त्यांनी मला हळूच सांगितला.

“फौजेत न घेतलेली रजा साठती. मग पानी का न्हाई?”

मी हसलो. दमलेलं हृदय एकदम आलेलं पाणी पेलत नाही, मागचे उपास ते हिशेबात धरत नाही, हे सांगायला हवं होतं. पण त्यांचा खुललेला चेहरा बघून मला बोलवेना. डॉक्टरांच्याही कानावर घातलं नाही. भित्रेपणा, दुसरं काय.

नवव्या दिवशी त्यांना जीपमधून आणलं ते बसवूनच. आडवं होता येत नव्हतं. फिल्म ओली असतानाच पाहिली, दोन्ही फुप्फुसांत पाणी होतं. या वेळी त्यांनी बांधाचं विचारलं नाही. माझा हात धरून दमादमानं एवढंच म्हणाले, “संपिवला सायेब. लय ग्वाड हाय.”

संध्याकाळी गेले.

महिन्यानं मी वडूजला गेलो. त्यांच्या पत्नीला सगळं सांगितलं, मला ठाऊक असून मी अडवलं नाही, हेही.

“मला बी ठावं हुतं,” त्या म्हणाल्या. “तांब्या मीच भरला.”

आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेल्या.