अर्ध्यात मागणाऱ्या शांतीबाई

कामठ्याच्या आठवडी बाजारात शांतीबाई शिरल्या की भाजीवाले मुकाट्याने भाव चढवून ठेवत. त्यांचाही नाइलाज होता. वांगी असोत, सूप असो की नातीसाठी घ्यायची चप्पल, बाई तोंड वाकडं करून अर्धा भाव सांगणार हे ठरलेलं. एकदा डॉक्टरने पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, तर बाई त्यालाही म्हणाल्या, "आठ दिवसांत नाही का होनार बरं?"

समोरचा नाही म्हणाला की बाई उठून चालू लागत, आणि जाताना पिशवी तिथेच विसरत. ही त्यांची खास युक्ती. पिशवी राहिली म्हणजे परत यायला निमित्त राहिलं, आणि परत येऊनही नाक वरच. बाजारात एक चक्कर मारून त्या यायच्या, "अवो माय, पिशवी राह्यली का इथं!" म्हणायच्या आणि तोवर नरमलेल्या माणसाकडून माल उचलायच्या. अख्ख्या बाजारात ही चलाखी ओळखली ती एकट्या सुकराम वांगीवाल्याने. "पिशवी न्या बाई," तो म्हणाला, "पर वांगे आता महागले. तुमाले हेच वांगे पायजेत, मले समजलं." बाईंनी जास्तीचे पैसे मोजले आणि घरी येऊन नवऱ्याशी अबोला धरला. नवऱ्याचा यात काडीचा संबंध नव्हता, पण कोणाशी तरी धरायलाच हवा होता.

तर अशा या शांतीबाईंवर घर विकायची वेळ आली.

नवऱ्याचे, म्हणजे ईश्वरदासांचे, गुडघे गेले होते. शेत कधीचंच ठेक्याने दिलं होतं. मुलगी पुष्पांजली गोंदियात राहायची आणि तिच्याच गल्लीत दोन खोल्या विकायला निघाल्या होत्या. कामठ्याचं घर योग्य भावाने गेलं तरच त्या खोल्या हाती येणार होत्या. नाही तर होताच नागपूरचा मुलगा, हिमांशू. त्याच्याकडे बाई मागे महिनाभर राहून आल्या होत्या. हॉलमधल्या दिवाणावर झोपायचं, आणि चहा टाकायचा तर आधी सुनेला विचारायचं. सून वाईट नव्हती, हे बाई स्वतःच सांगत. पण तेवढ्या महिन्यात त्यांना कोणत्याच दाराला आतून कडी लावता आली नाही, आणि हे दुखणं त्यांच्या मनातून जात नव्हतं.

"आपली दोन खोल्यांची का असेना, पर कडी आपल्या हाताची पायजे," त्या म्हणत.

गिऱ्हाईक आलं ते गोंदियाचे गुड्डूभाऊ. त्यांना गोदामासाठी रोडला लागून जागा हवी होती. भाऊंच्या गळ्यात चेन, हातात हेल्मेट. ते डोक्यावर घालायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. त्यांनी घर असं पाहिलं, जसं काही कोणी त्यांना ते फुकट गळ्यात बांधत होतं. छपराच्या कवेलूंकडे पाहून च् च् केलं. भिंतीवर टिचकी मारली. विहिरीत डोकावून "पानी तो होगा ना?" असं विचारलं. विहिरीत पाणी दिसत होतं.

बाईंनी चोवीस लाख सांगितले. शेजारच्या तुकड्याला नुकताच तेवढाच भाव आला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, गुड्डूभाऊंनाही.

"माताजी," भाऊ खाटेवर बसून म्हणाले, "मकान पुराना है. गिराना पडेगा. मलबा उचलायचा खर्च माझ्याच बोडख्यावर. बारा देतो."

बारा. म्हणजे अर्धे. शांतीबाईंच्या कानशिलात कोणीतरी वाजवल्यासारखं झालं. अर्ध्यात मागणारा माणूस समोरून कसा दिसतो, ते त्या आयुष्यात पहिल्यांदा पाहत होत्या. चांगला दिसत नव्हता.

"ज्या घरात माह्या दोन लेकराइचे नाव ठेवले, त्याले मलबा म्हनून राहिले तुमी?" बाई कडाडल्या. "अर्ध्यात मागाले लाज नाही वाटत मानसाले?"

हे वाक्य ऐकून ईश्वरदासांना ठसका लागला. चाळीस वर्षं बाजारात बायकोच्या मागे उभं राहिलेल्या माणसाला दुसरं काय होणार?

"देख लो माताजी. बारा," म्हणत भाऊ उठले आणि चालू लागले. अगदी सावकाश. फाटकाशी चप्पल नीट केली. रस्त्यावर येऊन उगाच आभाळाकडे पाहिलं. मागून आवाज यावा म्हणून जो माणूस चालतो, तो असाच चालतो.

ईश्वरदास खालच्या आवाजात म्हणाले, "पुष्पांजलीची माय, गिऱ्हाईक चाललं ना. देऊ का आवाज?"

"खबरदार," बाई म्हणाल्या. पण नजर त्यांचीही फाटकावरच होती. त्या खोल्यांचा मालक काही वर्षभर थांबणार नव्हता, आणि दुसरं गिऱ्हाईक काही दारात उभं नव्हतं. मोटारसायकल सुरू झाली. गेली. बाईंना नागपूरचा दिवाण डोळ्यासमोर दिसू लागला.

मग त्यांची नजर खाटेवर गेली. तिथे गुड्डूभाऊंचं हेल्मेट होतं.

बाई हेल्मेटकडे पाहतच राहिल्या, आणि हळूहळू त्यांच्या तोंडावर जे हसू पसरलं ते पाहून ईश्वरदास घाबरले.

"हेल्मेट विसरला का वो तो?"

"विसरला नाही," बाई म्हणाल्या. "पिशवी ठेवून गेला."

त्यांनी हेल्मेट पदराने पुसलं, खुंटीला टांगलं आणि चहा टाकला. चहा उकळतो न उकळतो तोच मोटारसायकल परत आली. "अरे माताजी, हेल्मेट रह गया!" भाऊ दारातून म्हणाले. आवाज तोच, नाकही तसंच वर. शांतीबाईंना क्षणभर आरशात पाहिल्यासारखं वाटलं.

"न्या ना भाऊ," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "पर घर आता महागलं. पंचवीस."

"पच्चीस? आत्ता तर चोवीस म्हटलं होतं!"

"तवा तुमचं हेल्मेट तुमच्या हातात होतं."

गुड्डूभाऊंना काय कळायचं ते कळलं. त्यांनी पुढे बरीच आदळआपट केली, कवेलू मोजले, देवाची शपथ घेतली. शेवटी चोवीसवर सौदा ठरला, आणि एक लाखाने घर स्वस्तात पाडलं म्हणून भाऊ खुशीत गेले. ईश्वरदासांनी बायकोकडे अशा नजरेने पाहिलं, जशी तिने लग्नानंतर फारशी पाहिली नव्हती.

बयान्याचे आगाऊ पैसे हाती आले त्याच संध्याकाळी हिमांशूचा फोन आला. आधी त्याने बापाच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाला, "आई, दोन खोल्यांत एवढा पैसा कायले गुंतवता? तुम्ही इकडंच या. माझं फ्लॅटचं कर्ज आहे. सगळे नाही म्हणत मी. अर्धे तरी दे."

शांतीबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, "पैसे खोल्याइलेच लागनार. अर्ध्यात मागाचं कोनाजवळून शिकला रे पोट्ट्या?"

"तुझ्याजवळूनच," तो म्हणाला. हसत नव्हता. "नाही म्हणत असशील तर ठीक आहे. ठेवतो मग." आणि त्याने फोन ठेवला.

बाईंनी फोन मांडीवर घेतला आणि बसून राहिल्या. ही चाल त्यांना चांगली ठाऊक होती. येईल परत. त्यांनी भात टाकला, उतरवला. फोन वाजला नाही. त्या उठून बाहेरच्या खोलीत गेल्या, रिकाम्या खाटेकडे पाहिलं, परत आल्या. पोरगा मागे काही ठेवून गेलाच नव्हता. फोनवरच्या माणसाला काही ठेवताही येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांना रडू फुटलं.

ईश्वरदास गुडघे धरत त्यांच्याजवळ येऊन बसले. मग भीत भीत, सवयीने म्हणाले, "देऊ का आवाज?"

शांतीबाईंनी डोळे पुसले. साऱ्या जन्मात त्यांनी उठून चाललेल्या कोणाला मागून हाक मारली नव्हती.

"द्या," त्या म्हणाल्या आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला. "पर भाव तोच सांगजा."