सहा नंबरची जागा

निघताना बायकोने दोन गोष्टी बजावल्या. तिच्या वडिलांना धावत्या गाडीतून उतरू द्यायचं नाही, आणि तिथे जाऊन कोणाची थट्टा करायची नाही. पहिली गोष्ट अवघड होती. माझे सासरे, म्हणजे मामा, दुसऱ्या महायुद्धात विमानातून छत्री घेऊन उड्या मारत, आणि तेव्हापासून वाहन पूर्ण थांबेपर्यंत आत बसून राहणं त्यांना भित्रेपणाचं वाटतं. दुसरी गोष्ट मला जन्मात जमलेली नाही.

पूर्णा जंक्शनला गाडी बदलून आम्ही हिंगोलीच्या गाडीत बसलो. ही गाडी प्रत्येक स्टेशनावर पाहुण्यासारखी थांबते आणि आग्रह झाल्याशिवाय निघत नाही. बाहेर कापसाची वेचून झालेली रानं आणि सुकत आलेली तूर. आम्ही निघालो होतो मामांच्या छत्रीवाल्या सोबत्यांच्या वार्षिक मेळाव्याला, आणि मामांनी शेंगा सोलत मला त्याचे कायदे समजावले.

विमानात दारापासून एकामागे एक उभं राहायचं. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, हे गोऱ्या साहेबांनाही मान्य होतं. म्हणून मागच्याने पुढच्याची छत्री बक्कल ओढून तपासायची, आपला नंबर ओरडून ‘ठीक’ म्हणायचं आणि पुढच्याच्या खांद्यावर थाप द्यायची. या मुलखातले जवान सुभेदाराने एकाच ओळीत घातले होते. मामा सात नंबर. पुढे सहा नंबर हरसिंग, सेनगावजवळच्या बंजारा तांड्यावरचा. मागे आठ नंबर गफारभाई, ज्यांचं वारंगा फाट्यावर टायरचं दुकान आहे. लढाई संपली, सरकारने छत्र्या परत घेतल्या, पाठी मात्र यांच्याकडेच राहिल्या. म्हणून वर्षातून एकदा तरी प्रत्येकाने आपल्या पुढच्या नंबरच्या घरी जायचं. चूल पेटते का, छप्पर गळतं का, लेकरं शिकतात का, ते पाहायचं. याला ते ‘पाठ बघणं’ म्हणतात. मग एकाच्या घरी सगळे जमतात, जेवतात, गुडघ्यांच्या तक्रारी करतात आणि त्याच गुडघ्यांनी बैलगाडीवरून कडब्यात उड्या मारतात.

“यंदा पाळी हरसिंगची होती,” मामा म्हणाले. हरसिंग दिवाळीत वारला होता.

“मग आता?”

“आता काय. माणूस गेला की ओळ पुढं सरकते. जागा बुजवायची असा रिवाज हाय.” आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.

हिंगोलीहून सेनगावच्या एसटीत मामांच्या मांडीवर एका बाईने न विचारता कोंबडी ठेवली. कंडक्टरला मी म्हणालो, “गाडी वेळेवर पोचेल ना?”

“वेळ तिथंच हाय साहेब, कुठं जाऊन राहिली?”

फाट्याजवळ एसटीने वेग कमी केला मात्र, मामा खाली. कोंबडी माझ्याकडे आली. पहिली सूचना अशी मोडली.

सेनगावात कमान उभी होती. पूर्वी या मेळाव्याची दखल गावातली कुत्रीसुद्धा घेत नसत. पण बांगलादेशची लढाई नुकतीच जिंकली होती, तिकडेही आपले जवान छत्र्या घेऊन उतरले होते, आणि जुन्या सैनिकांचा भाव एकदम वधारला होता. तेव्हा भाऊसाहेब नावाच्या स्थानिक पुढाऱ्यांनी मेळावा तांड्यावरून उचलून शाळेच्या मैदानावर आणला. दोन बैलगाड्या जोडून, वर फळ्या टाकून व्यासपीठ केलं होतं. त्यावरच्या खुर्च्यांपैकी एकही सैनिकांसाठी नव्हती. सैनिक कडुनिंबाखाली बसले होते.

गफारभाईंनी मामांना पाहताच उलटं फिरवलं आणि पाठीवर हात फिरवला. “क्या सात नंबर, दुबले हो गये! जावई खाने को नहीं देता क्या?”

“देतो की. पण आधी चार शब्द ऐकवतो, मग भूक मरते,” मामा म्हणाले. मी हसलो. खरं होतं.

इतक्यात एक बैलगाडी येऊन थांबली. हरसिंगची बायको सोनीबाई उतरली. आरशांची ओढणी, पण हात मोकळे. तांड्यावरच्या बायकांचे दंडापर्यंतचे बलोये (हस्तिदंती बांगड्या) नवऱ्यामागे उतरवतात. गाडीत बाट्यांची (जाड भाकऱ्यांची) चवड आणि झाकलेलं पातेलं होतं.

“पाळी आमची होती,” ती म्हणाली. “तांडा वाट बघून राहिला. तुमी इकडं काहून बसले?”

सगळ्यांनी जवाळा बाजारच्या दिगंबररावांकडे पाहिलं. ते एक नंबर. त्यांनी घसा साफ केला. “वैनी, सभा झाली की येऊ. पण रिवाज तुमाला ठावा हाय. हरसिंग गेला. आता सात नंबर पाच नंबरमागं उभा राहील.”

“म्हंजी पुढल्या साली भाऊ माझ्या घरी येणार न्हाई.”

तिने मामांकडे बोट केलं.

“माझ्या सासूच्या आजारात हे भाऊ आले व्हते. पोरीच्या लग्नात आले. तांड्यावर बाहेरचं दुसरं कोण येतं? तलाठी, तो बी वसुलीला.” ती मामांसमोर येऊन उभी राहिली. “चार नंबर बी असाच वारला व्हता ना? त्याची बी जागा बुजवली. आता मला सांगा, चार नंबरचं घर कुठं हाय?”

पाच नंबर म्हणजे कोंडिबा. चार नंबरची पाठ त्याची. त्याने पायातली वहाण काढली, झटकली, पुन्हा घातली. “कोणी म्हणतं नांदेडला गेले,” तो म्हणाला.

“कोणी म्हणतं,” सोनीबाई म्हणाली.

नेमकं त्याच वेळी कर्ण्याने वीर जवानांना व्यासपीठावर बोलावलं. सरकारी समारंभाची एक सोय असते: अडचणीच्या प्रश्नातून माणसाला उठून जाता येतं.

भाऊसाहेब बराच वेळ बोलले. “यांनी विमानातून उडी घेतली, आम्ही जनतेसाठी निवडणुकीत उडी घेतली!” अशी एक तुलना त्यांनी केली. यांना उडी घेण्यासाठी तिकीट मागावं लागलं नव्हतं, एवढा फरक ते विसरले. मग हार झाले. त्यातले निम्मे भाऊसाहेबांना पडले. शेवटी हिंगोलीचा फोटोग्राफर पुढे आला आणि त्याने खुर्च्या हटवल्या.

फोटोग्राफर म्हणाला, सगळे माझ्याकडे तोंड करा. म्हाताऱ्यांनी ऐकलं नाही. ते आपल्या रीतीने एकामागे एक, समोरच्या कडब्याच्या ढिगाकडे तोंड करून उभे राहिले. कोंडिबा आणि मामा यांच्यामध्ये एका माणसाची जागा उरली. ती बुजवायला मामांनी फक्त एक पाऊल टाकायचं होतं. दिगंबरराव मागे वळून पाहत होते. खाली गाडीच्या चाकाला धरून सोनीबाई पाहत होती. मामा पाऊल टाकत नव्हते.

भाऊसाहेबांनी ती मोकळी जागा पाहिली. आजवर जिथे जागा मोकळी दिसली ती त्यांच्यासाठीच ठेवलेली असे, तेव्हा त्यांचा गैरसमज होणं साहजिक होतं. ते जाऊन मधे उभे राहिले आणि मान तेवढी वळवून कॅमेऱ्याकडे हसले.

“आठ नंबर ठीक!” गफारभाई ओरडले आणि मामांच्या खांद्यावर थाप पडली. मामांच्या पुढ्यात पाठ होती. जाकिटाची का असेना, पाठ होती. त्यांचे हात आपोआप उठले. त्यांनी जाकीट ओढून पाहिलं, कॉलर वर केली, हाराची दोरी ताणली. “सात नंबर ठीक!” आणि त्यांनी अशी थाप दिली की भाऊसाहेबांची टोपी डोळ्यांवर आली.

आता सहा नंबरने ओरडायचं. सगळे थांबले.

“आभारी आहे,” भाऊसाहेब म्हणाले.

“सहा नंबरचा आवाज आला न्हाई,” पुढून दिगंबरराव म्हणाले.

“भाऊसाब, बोलो. नहीं तो उतरो,” मागून गफारभाई.

मामा भानावर आले. त्यांनी भाऊसाहेबांना खांद्याला धरून अदबीने बाजूला केलं. गाडीला फारशी बाजू नव्हती. भाऊसाहेब खाली पसरलेल्या कडब्यात बसले, हारासकट. लोकांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला आणि टाळ्या पडल्या. तेव्हा भाऊसाहेबांनी बसल्या जागेवरून हात हलवून त्यांचा स्वीकार केला. असा गुण शिकवून येत नाही.

मामांनी खाली पाहिलं. “वैनी,” ते म्हणाले, “वर या.”

“रिवाज?” दिगंबरराव म्हणाले.

“नंबर सहाची पाठ माझी हाय. मी बघून राहिलो.”

सोनीबाई चाकाच्या आऱ्यांवर पाय देत चढली आणि जागेवर उभी राहिली. मामांचे हात उठले आणि अर्ध्यात थबकले. परक्याची बायको, भर मैदान, सगळं गाव बघतंय. ज्यांनी विमानाच्या दारात कधी अनमान केला नाही ते तिथे घामाघूम झाले.

“बघा की भाऊ,” ती मान न वळवता म्हणाली. “बक्कल न्हाई, पण पाठ हाय.”

मामांनी ओढणीचं सुटलेलं टोक दोन बोटांनी उचलून तिच्या खांद्यावर नीट टाकलं. “सात नंबर ठीक,” ते म्हणाले. ओरडले नाहीत, पण मैदानभर ऐकू गेलं.

“सहा नंबर ठीक!” सोनीबाईच्या आवाजाने झाडाखालचे बैल उठून उभे राहिले.

“पाच नंबर ठीक,” कोंडिबा म्हणाला. एरवी यापुढे लगेच तीन नंबर यायचा. या वेळी तीन नंबर गप्प राहिला. सगळे चार नंबरसाठी थांबले. मग पुढचे आवाज आले, आणि एकेक म्हातारा कडब्यात गेला. सोनीबाईने घागरा मुठीत धरून उडी मारली. मी हसायला तयार होऊन बसलो होतो. तसाच बसून राहिलो.

दुपारी आम्ही तांड्यावर जेवलो. बाटी, पातळ वरण, डोळ्यांत पाणी आणणारी चटणी. कोंडिबा मधेच उठला. “नांदेडला नातू हाय माझा,” तो कोणाकडेच न बघता म्हणाला. “उद्याच्या गाडीनं जातो. चार नंबरचं घर सापडंल.” सोनीबाईने त्याच्यासाठी आणखी दोन बाट्या फडक्यात बांधल्या.

परतीच्या प्रवासात मी सवयीने भाऊसाहेबांवर चार वाक्यं तयार केली. ती चांगली जमली होती. घरी पोचल्यावर ती मी बायकोला ऐकवली, आणि ओघात सोनीबाईचंही सांगितलं. ती पोट धरून हसली, मग थांबली आणि आतल्या खोलीत झोपलेल्या वडिलांकडे तिने एकदा पाहिलं.

“सेनगावहून त्या तांड्याला पुढे आपल्याला जायचं झालं तर कसं?” तिने विचारलं.

मी म्हणालो, शाळेच्या मागून गाडीवाट आहे.

“पावसाळ्यात ओढा आडवा येतो का?”

मला माहीत नव्हतं. मी एवढंच म्हणालो की विचारून ठेवतो.