धाकटीचं टेबल

सगळी गल्ली तिला झाडवाली काकू म्हणायची. घरात ती थोरली. कुणाच्या गुलाबाला कीड लागली, कुणाची वेल रुसली, की कुंडी कडेवर घेऊन मंडळी थेट तिच्या दारात हजर. ती पायरीवर उभ्या उभ्याच निकाल द्यायची.

त्यामुळे कोपऱ्यावरच्या सार्वजनिक बागेत बागमित्र तयार करायचं प्रशिक्षण निघालं, तेव्हा पहिलं नाव तिनेच घातलं. पगार नव्हताच, सगळी हौसेची सेवा. पण शेवटी एकाला त्याच बागेच्या फाटकापाशी दर शनिवारी सल्ल्याचं टेबल मिळणार होतं. बाकीच्यांची रवानगी दूरच्या बागांत. ते टेबल आपलंच, याबद्दल थोरलीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

धाकट्या जावेला तिने ओढलं ते निव्वळ सोबतीला.

"मी काय करू तिथे, ताई? माझ्या हातून निवडुंगसुद्धा जगत नाही."

"पिशवी धर माझी. तेवढं तर जमेल?"

धाकटी हसत निघाली. तिच्या गॅलरीत मेलेल्या रोपांच्या कुंड्या एकात एक घालून ठेवलेल्या होत्या. घरातले त्याला कुतुबमिनार म्हणायचे.

शिकवणाऱ्या बाई तोंडाने फटकळ. त्यांचा एकच हेका: आधी विचारा, मग मातीत बोट घाला, मग तोंड उघडा. थोरलीचा क्रम नेमका उलटा. बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं उत्तर तयार. आणि धाकटी? खत म्हणजे झाडाचं जेवण की औषध, असले बाळबोध प्रश्न विचारायची.

"हे लोकांच्या मनात असतं, पण विचारायला लाजतात," बाई खूश होऊन म्हणायच्या. "बोला, अजून बोला."

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते तिथून. परतताना ती फणकारली, "केवढं अज्ञान उघडं करतेस गं! लोक म्हणतील, हिच्या घरी कुणी काही शिकवलंच नाही."

"अहो ताई, येत नाही म्हणूनच तर आले ना?"

थोरलीने पिशवी हिसकावून स्वतःच्या खांद्याला लावली. घरी नवऱ्याने विचारलं, "काय, आज वर्गात पहिली कोण?" तर त्याला चहा मिळाला, पण बिनसाखरेचा.

शेवटच्या दिवशी खरी माणसं, खरी झाडं. एक बाई मान टाकलेलं रोप घेऊन आली. पानं फडक्यासारखी लोंबत होती.

"तहानलंय बिचारं," थोरली लांबूनच म्हणाली. "पोटभर पाणी घाला. उद्या ताठ होईल."

धाकटीने मातीत बोट खुपसलं. चिखल. बोट नाकाशी नेलं, तर कुबट वास.

"पाणी कधी कधी घालता?" तिने विचारलं.

"सकाळ-संध्याकाळ. मलूल दिसलं की दुपारीही."

"मुळं कुजली असतील. कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, म्हणून रोप तहानल्यासारखं दिसतं." मग धाकटी अगदी भाबडेपणाने म्हणाली, "माझी सगळी अशीच गेली हो. मान टाकली की आमच्या ताई सांगायच्या, पाणी घाल. मी घालायची. रोप आणखी मान टाकायचं. मी आणखी घालायची."

अख्खा वर्ग हसला. धाकटीला कळेना, आपण एवढं काय बोललो. थोरली मात्र उगाच पिशवी उपसत बसली. हिने निदान भांडायला हवं होतं, टोमणा मारायला हवा होता. नुसतं खरं बोलून मोकळी झाली मेली!

टेबल धाकटीला मिळालं. थोरलीला दूरची बाग देऊ केली, तर "गुडघे दुखतात" म्हणून तिने टाळलं.

शनिवारी ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. एकच टॉवेल चारदा झटकून झाला, कारण फाटक तिथून स्वच्छ दिसायचं. रांग लागली होती. आणि रांगेत कोण? तिच्या दारात वर्षानुवर्षं येणारी समोरची शिंपीण! अंगाचा तिळपापड झाला. गुडघे विसरून थोरली जिना उतरली. हिचं काहीतरी चुकेलच, आणि ते आपण चारचौघांत दाखवू, एवढाच बेत.

"या ना ताई, बसा," धाकटीने तिला खुर्ची दिली.

शिंपिणीची वेल पिवळी पडली होती. धाकटी विचारत गेली: ऊन किती, पाणी किती, खत कुठलं. सगळं रास्त. तरीही माती ओलीगच्च. धाकटी अडली. थोरलीच्या जिभेवर निकाल येऊन बसला होता. तिने तो गिळला, कडू लागला.

"कुंडीला बुडाशी भोक आहे का गं?" तिने विचारलं.

शिंपिणीने कुंडी तिरकी करून पाहिली. "अगंबाई! नाहीच की!"

"हे मला सुचलंच नसतं, ताई," धाकटी म्हणाली. कौतुकाने म्हणाली, हेच थोरलीला जास्त झोंबलं. हिला जळताही येत नाही की काय?

"सुचेल हळूहळू," ती म्हणाली आणि आपली खुर्ची टेबलाच्या बरोब्बर मध्ये ओढून घेतली. "हं, पुढचं कोण?"