लोअर हटचे तीन प्रतिनिधी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा. आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी प्रत्येक शाखा आधी आपलं मतदान घेते आणि कौलाप्रमाणे प्रतिनिधी पाठवते. मागच्या निवडणुकीत लोअर हट शाखेने ठरल्या तारखेच्या आठवडाभर आधी मतदान घेतलं, म्हणून त्यांचे तिन्ही प्रतिनिधी बाद झाले. पण त्यांना फोनवर परवानगी मीच दिली होती. "हॉल तेव्हाच मिळतोय? घ्या की, स्वीट अ‍ॅज, काही हरकत नाही!" निवडणूक अधिकारी मीच होतो.

त्या तिघांत एक नर्स होती. तिचं नाव मी विचारलं नाही. आठ तास गाडी चालवून ती इथे न्यू लिनला, अध्यक्ष निवडायच्या सभेला आली होती. मतदारांच्या यादीतल्या एकेका नावावर बोट ठेवत ती म्हणाली, "आम्हाला फोनवर हो म्हटलं होतं. तरी नियम मोडला असेल, तर आमच्या कमिटीला ओरडा. पण ही माणसं मत द्यायला आलीच नव्हती, असं कसं म्हणता, भाऊ?"

मला फोन करणारे त्यांचे सेक्रेटरी तोवर ऑस्ट्रेलियाला गेले होते; हो कुणी म्हटलं, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मी कागद चाळत राहिलो.

कुणीतरी म्हणालं, "ताई, चहा घ्या."

"घेते. त्यात तरी आम्हाला मोजा!" ती हसली, आणि निघताना मला म्हणाली, "पुढच्या वेळी पुन्हा येऊ हं."

यंदा मंडळ नियम नव्याने लिहितंय, आणि ती पुन्हा येणार आहे. रविवारच्या सभेत मी बोलायला नाव दिलंय. चूक त्यांची नव्हती, माझी होती, एवढं सगळ्यांसमोर सांगणं, हे लोअर हटच्या त्या माणसांचं माझ्यावरचं देणं आहे.