एका बाजूची धार

कलमांचे दिवस जवळ आले की मी चाकू घेऊन दगडापाशी बसतो. धार एकाच बाजूने लावायची. दुसरी बाजू पाटीसारखी सपाट राहिली पाहिजे. हे आता मला झोपेतसुद्धा करता येईल. ज्या दिवशी यायला हवं होतं, त्या दिवशी आलं नाही.

मी बीडकडचा. सातवीत आईबापामागे ऊसतोडीला गेलो, परत आलो तेव्हा वर्गातली पोरं पुढे गेली होती. लाजेनं शाळेची पायरी पुन्हा चढलो नाही. मोठा झाल्यावर एकटाच नाशिकला आलो, द्राक्षबागेत मिळेल ते काम करायला. निफाडकडच्या एका म्हाताऱ्या मुकादमानं ठेवून घेतलं. ते टोळी घेऊन द्राक्षाची कलमं करत फिरायचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणू लागलो. झोपायला त्यांची पडवी मिळाली, मामींनी पहिल्याच दिवशी ताट वाढलं. कुठला, कोणाचा, काही विचारलं नाही. मला मात्र रोज उठल्यावर पहिला विचार यायचा, आज जा म्हणाले तर कुठं जायचं?

कलमाचं काम जोडीनं चालतं. पुढचा माणूस जमिनीतला खुंट छाटून मधोमध चिरतो, चांगल्या जातीच्या काडीला पाचरीसारखा काप देतो आणि ती चिरेत बसवतो. मागचा त्यावर प्लॅस्टिकची पट्टी आवळतो. कापायला मामा, पट्टीला मी.

मामांचा चाकू घडीचा होता, काळ्या रबराच्या मुठीचा. एका बागायतदारानं परदेश दौऱ्यावरून तो खास त्यांच्यासाठी आणला होता, म्हणून मामा दुसऱ्या चाकूला हात लावायचे नाहीत. पण रबराला वय झालं. मूठ गुळासारखी चिकट झाली. खिशातले धागे, माती, तंबाखूची चुरी, सगळं तिला लागायचं आणि दिवसअखेर मामांचा तळवा काळा. टोळीतले हसायचे, "मामा, चाकू तुम्ही धरलाय का चाकूनं तुम्हाला?"

"धरू दे की," मामा म्हणायचे. "मामीनं तर सोडलंय कधीच."

त्याच बागायतदाराच्या नव्या प्लॉटवर कलमं करायची होती. आदल्या दिवशी मामांनी चाकू माझ्या हातात दिला. "बीडवाल्या, ही मूठ तेवढी साफ कर. लय घाण झालीय."

मूठ तेवढी. एवढंच सांगितलं होतं.

मी स्पिरिटनं फडकं भिजवून तासभर घासलं. काळा चिखल निघत गेला आणि खालचं टणक प्लॅस्टिक लागलं. पावडर चोळली, हात फिरवला, मूठ कोरडी. मला इतका आनंद झाला की आणखी काहीतरी करावंसं वाटलं. पातं उघडून बघितलं तर धार एकाच बाजूला. वाटलं, मामांची नजर कमी झालीय, दुसरी बाजू राहून गेली असणार. आमच्याकडे कोयत्याला दोन्ही अंगांनी कानस मारतात. मी दगड घेतला आणि सपाट बाजूलाही छान उतार काढला. बोटावरचा केस उडाला. खूश होऊन झोपलो.

सकाळी मामांनी दोनचार काप घेतले, थांबले, पातं डोळ्यांजवळ नेलं. मजूर उभे होते, काड्या सुकत होत्या, मालक बांधावर होता. दुसरा चाकू घरी होता. ते कापत राहिले, मी पट्ट्या आवळत राहिलो.

तीन आठवड्यांनी मालकानं बोलावलं. बाकीच्या जोड्यांच्या ओळी फुटल्या होत्या. आमच्या ओळींत काड्या वाळून काळ्या पडल्या होत्या. मालकानं एक पट्टी सोडली, काडी उपटली. तिच्या कापाला बाक आला होता. सपाट पाठ नसली की पातं काडीत वळतं, मग काडी चिरेला नीट चिकटत नाही. हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

"ही लाईन कोणी मारली?"

"मी," मामा म्हणाले.

"डोळे गेले का तुमचे, मामा?"

"गेले असतील."

मी शेजारी उभा होतो. पट्टीचं बंडल हातात होतं. तोंड उघडलं असतं तर एक वाक्य पुरलं असतं. पण पडवी डोळ्यांपुढे आली, मामींचं ताट आलं. मी गप्प बसलो.

परतताना जीपमध्ये मामांनी चाकू काढला आणि पात्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. "पाठ सपाट ठेवायची असती रे," एवढंच म्हणाले. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

मामांना दिसत नाही, ही बातमी त्या मालकानं गावोगाव पोचवली. पुढच्या वर्षी त्यांना कोणी बोलावलं नाही. तीस वर्षांचा हात होता त्यांचा. त्यांनी चाकू मला देऊन टाकला, पाठ पुन्हा सपाट करून. किती दिवस दगडावर बसले असतील, मी विचारलं नाही.

आता माझी टोळी आहे. दोन वर्षांमागे त्याच मालकाचा फोन आला आणि मी गेलो. माझी कलमं बघून तो म्हणाला, "तुझ्या मामापेक्षा तुझा हात साफ आहे." मी तेव्हाही गप्पच बसलो. हसलोसुद्धा असेन.

परवा मामांकडे गेलो होतो. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, चांगलं दिसतं म्हणाले. चाकू मागून घेतला, पाठ बघितली, मान हलवली.

"कोणाचा प्लॉट चालू हाय?"

मी दिंडोरीकडच्या एका गावाचं नाव सांगितलं. तिथं माझं काम कधीच नव्हतं, चालू होतं ते त्या जुन्याच मालकाकडे. मामींनी तोवर ताट वाढलं होतं.