अत्तारणीचा हंडा

पाचोडपासून दोन कोसांवरच्या त्या गावात, जुन्या चावडीच्या दोन खोल्यांत, गावाच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. पाटी मोठी आहे, पण गावात कुणी ते नाव घेत नाही. सगळे 'सरूबाईचं घर' म्हणतात. सरूबाई तिथं कधी राहिली नाही, नुसती झाडायला असते. पण पंचवीसहून जास्त वर्षं सकाळी दार तीच उघडते आणि दिवेलागणीला तीच लावते, म्हणून घर तिच्या नावावर चढलं.

ते उभं केलं नानासाहेब गुरुजींनी. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेला माणूस. रिटायर झाले आणि दारोदार हिंडून लोकांच्या माळ्यावरचं सामान मागू लागले. जाती, मोट, पायल्या, अडकित्ते, दोन गंजक्या तलवारी. लोकांनी दिलं, पण शर्त घालून. खंडेनवमीला तलवार घरी न्यायची, लग्नाची हळद दळायला जातं न्यायचं. हा येण्याजाण्याचा कारभार सरूबाईच्या तोंडावर चाले. एखाद्यानं जातं परत आणायला उशीर केला की ती मांडवाच्या दारात जाऊन उभी राही. "नवरी सासरी गेली ना? मंग आमची बी घरी धाडा," म्हणे, आणि जातं येई.

फक्त एक वस्तू कधी कुठं गेली नाही. तांब्याचा हंडा. तो सरूबाईच्या सासूनं, मनकर्णाबाईनं दिलेला.

पोलीस ॲक्शन झाली त्या हप्त्यात शेजारचं अत्ताराचं घर रातोरात निघालं. गावातलं वारं फिरलं होतं. बैलगाडीत मावेना तेव्हा अत्तारणीनं परसदारातनं हंडा आत सरकवला आणि मनकर्णाबाईच्या हाताला हात लावून म्हणाली, येऊन नेते. ती आली नाही. हंडा बत्तीस वर्षं चुलीवरच्या माळ्यावर धूर खात बसला. मनकर्णाबाईनं त्यात कधी घोटभर पाणी भरलं नाही. गुरुजींना देताना तिनं सुनेला बजावलं, "अमानत हाय. ज्याची त्याला दिल्याबिगर तू सुटायची नाय." वर्षाच्या आत म्हातारी गेली.

गुरुजींनी हंडा आधी आपल्या घरी नेला. गळ्याजवळची काजळी खरवडून काहीतरी वाचलं, ते पुठ्ठ्यावर लिहून पुठ्ठा कडीला बांधला, आणि मगच हंडा चावडीत आणला. सरूबाईला अक्षरओळख नव्हती. नाव पुठ्ठ्यावर आहे असं ती समजली. गळ्याभोवतीचे बारीक टिंबटिंब तिला तांबटानं ठोकलेली नक्षी वाटले.

दर शुक्रवारी ती भांडी बाहेर काढी. चिंच, मीठ आणि विटकराची भुकटी. बाकीच्यांवर एक हात, हंड्यावर दोन. उद्या माणसं आली तर काळा हंडा त्यांच्या पुढ्यात कसा ठेवायचा? शाळेची पोरं बघायला येत तेव्हा हंड्यात तोंडं बघून वेडावून दाखवत. सरूबाईला त्याचं लई कौतुक. पुठ्ठ्याला पुढं वाळवी लागली, तो केरात गेला. गुरुजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांना हंड्याची चमक तेवढी कळे. "सरूबाई, तुझ्यामुळं माल जिता हाय," म्हणत. मग तेही गेले.

एका बाजाराच्या दिवशी चावडीसमोर जीप थांबली. साठीची एक बाई उतरली. सोबतचा मुलगा बाहेरच फोनवर बोलत राहिला. बाईचं नाव जुबेदा. हैदराबादहून वेरूळ बघायच्या निमित्तानं आली होती, पण वेरूळ राहिलं बाजूला. अत्ताराच्या घराची जागा तिनं विचारत विचारत काढली होती. तिथं आता गिरणी होती. गिरणीवाल्यानं तिला इकडं धाडलं.

आपण अत्ताराची लेक, असं तिनं सांगितलं. सरूबाईनं आपल्या पदरानं हंडा पुसला, उचलून बाईच्या पुढ्यात ठेवला आणि सासूचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. कुणी पाणी भरलं नाही, कुठं पोचा येऊ दिला नाही. पंचावन्न वर्षांचं ओझं उतरत होतं.

जुबेदानं चष्मा लावला. हंडा उजेडाकडं फिरवला. एकदा, मग परत. मग डोळे मिटून गळ्याभोवती बोट फिरवलं, हळूहळू, सगळा वळसा घेऊन.

"इसपो अम्मा का नाम था," ती म्हणाली. "शादी में नाना ने डलवाया था."

सरूबाईनं तिचंच बोट धरून काठाखाली नेलं. तिथं ती नक्षी होती की. आता तिथं काही नव्हतं. तळहातासारखं गुळगुळीत.

जुबेदा खाली बसली. मग तिनं तुटक तुटक सांगितलं. आई वाटेतच, नांदेडच्या अलीकडं गेली. कुठं पुरली ते बापाला पुढं दाखवता आलं नाही. फोटो नव्हता. गावात सगळे तिला अत्तारीणच म्हणत. तिचं नाव जगात एकाच जागी लिहिलेलं होतं.

"मी घासला," सरूबाई म्हणाली. "दर शुक्रवारी."

जुबेदा रागावली नाही. तिनं सरूबाईचे हात हातात घेऊन बघितले, चिंचेनं भेगाळलेले. मुलगा आत आला, हंडा जीपमध्ये ठेवू का म्हणाला. तिनं नाही म्हणून मान हलवली. तांब्याची भांडी हैदराबादेत पुष्कळ आहेत, ती नावासाठी आली होती.

"इथंच राहू द्या," ती आठवून आठवून मराठीत म्हणाली. "इथं कुणी हात तर लावतंय."

उठताना सरूबाईनं तिला आईचं नाव विचारलं. खैरुन्निसा. सरूबाईनं ते दोनदा म्हणून बघितलं, दोन्ही वेळा जिभेवर मोडलं. जुबेदानं तिसऱ्यांदा सांगितलं आणि जीप गेली.

पुढच्या शुक्रवारपासून सरूबाई बाकीची भांडी घासते, हंडा नाही. हंडा लाल पडला, मग तपकिरी, मग गळ्याकडून काळवंडत आला. शाळेच्या पोरांना आता त्यात तोंड दिसत नाही. सरूबाई म्हातारी झाली, असं गावातली माणसं म्हणतात.

दुपारी कुणी नसलं की ती हंडा मांडीवर घेते, दाराच्या उजेडात धरते आणि काळ्यावर कुठं टिंब उठलंय का बघते. मग ते नाव म्हणते. जिभेवर ते अजून मोडतं.