कोरड्या वाती

एका मिस्त्रींच्या स्टोव्हच्या मोजमापात मी चूक केली, आणि चूक कळल्यावरही गप्प राहिलो. त्या मिस्त्रींबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी.

स्टोव्ह पेटवला की मिस्त्री खाली वाकून, एक डोळा मिटून ज्योतीकडे बघायचे. "निळी हाय का न्हाय?" असं समोरच्याला विचारायचे, आणि तो हो म्हणेपर्यंत उठायचे नाहीत. मूळचे दिघाशीचे. बरीच वर्षं कापडाच्या लूमवर फिटर होते, मग नारपोलीत पत्र्याचं दुकान टाकून वातीचे स्टोव्ह बनवू लागले. कुणी किंमत पाडून मागितली तर म्हणायचे, "भाभी, स्टोव्ह येकदाच घ्याल. रॉकेल रोज घ्याल."

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. तो इतक्या खात्रीनं बोलतो की आपल्याला उगाच संशय येतो.

सत्तरच्या दशकातली ती रॉकेलटंचाई. आमच्या सहकारी भांडारानं ठरवलं, की कमी रॉकेल खाणारा स्टोव्हच विकायचा, आणि चाचणी घेऊन त्यावर शिक्का मारायचा. ठराव आणला एका शेटजींनी. एका कारखान्याच्या स्टोव्हची एजन्सी त्यांच्याकडेच होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून चाचणी माझ्याकडे आली.

आदल्या दिवशी शेटजी माझ्या कानाशी लागले. "मास्तर, मिस्त्री हातचलाखीवाला आहे. वातींवर नजर ठेवा."

संशय यायचा तो शेटजींचा. मला आला मिस्त्रींचा.

चाचणी साधी होती. शेटजींचा आणि मिस्त्रींचा, असे दोनच स्टोव्ह आले होते; दोन्हींत सारखं रॉकेल घालायचं, सारखं पाणी उकळायचं, उरलेलं रॉकेल मोजायचं. शेटजींचा स्टोव्ह दुकानात रोज पेटवून दाखवला जाई. त्याच्या वाती मी तशाच ठेवल्या. मिस्त्रींच्या स्टोव्हमधल्या मात्र सगळ्या उपटल्या आणि भांडारातल्या नव्या घातल्या.

"मास्तर, आधी वातींना पिऊ द्या, मग मोजा," मिस्त्री म्हणाले. "कोरड्या हायत त्या."

"तुम्ही बाहेर थांबा. हेच तुमचे डाव."

"डाव?" ते हसले. "अवो, वाती हायत त्या, पत्ते न्हायत."

पण गेले बाहेर. पाणी उकळेपर्यंत दाराशी उभे होते, आत डोकावलेही नाहीत.

त्यांच्या स्टोव्हमध्ये रॉकेल कमी उरलं. शिक्का शेटजींना मिळाला.

पंधरा दिवसांनी मी घरच्या स्टोव्हच्या वाती बदलल्या आणि टाकी भरून ठेवली. थोड्या वेळानं बायकोनं झाकण उघडून पाहिलं. "अहो, एवढं कमी कसं झालं? अजून पेटवलाही नाही!"

तेव्हा मला चाचणी आठवली. कोरड्या वातींनी पिऊन ठेवलेलं रॉकेल मी जळालेलं म्हणून धरलं होतं.

अहवाल दुरुस्त करायला एक कागद पुरला असता. पण विज्ञानाच्या मास्तरला गाव हसेल, या भीतीनं मी तो लिहिला नाही. शिक्का नाही म्हटल्यावर मिस्त्रींकडे गिऱ्हाईक येईना. दिवाळीच्या आत दुकान बंद झालं.

पुढच्या वर्षी कळलं, की ते पडघ्याला हायवेवर ट्रकवाल्यांचे गळके डबे झाळतात. मी एसटीनं गेलो.

"या मास्तर," वर न बघताच ते म्हणाले. "आज काय मोजायला आलात?"

शेजारी दोन क्लीनर खिदळत होते. ते जाईपर्यंत थांबावं असं वाटलं, पण थांबलो नाही.

"मिस्त्री, तुमचाच स्टोव्ह कमी रॉकेल खात होता. चूक माझी. पंधरा दिवसांत मला ती कळली होती, तरी तुमचं दुकान मी बंद होऊ दिलं. भांडाराला काल तसं लिहून दिलंय. मला माफ करा."